ओट्याखालची नळी

सिलिंडर बदलताना गॅसचा जरासा वास सुटतोच, अन् तो आला की मले हिवाळ्यातला तो एक दिवस आठवतो. बायको चार दिवसांपासून तापानं पडून होती, पोटात अन्न नव्हतं. मी सकाळीच नवं सिलिंडर लावून ओट्याखाली पार मागं रेटलं होतं. तिच्यासाठी कण्या चढवल्या, तर आच मुगाच्या दाण्याएवढी. मी शेगडी उलटी केली, बर्नरची भोकं सुईनं साफ केली, रेग्युलेटर तीनदा काढून लावला. आतून ती म्हणाली, "अवो, नळी पाहा ना, मुडली असन." मी खेकसलो, "तू पडून राय. मले शिकवू नको." दुपार टळल्यावर वाकून पाहिलं, तर नळी सिलिंडर अन् भिंतीच्या मधात दबली होती. मीच दाबली होती. सिलिंडर फरशीवरून खरखरत पुढं ओढलं अन् आच भरारली. "काय झालं होतं?" तिनं विचारलं. "बर्नरात कचरा होता," मी म्हणालो. ती खरखर तिनंही ऐकली असणार. पण कण्या पिता पिता एवढंच म्हणाली, "बरं झालं, तुमी साफ केलं." आता ती नाही. सिलिंडर लावताना माझा हात आधी नळीवरच जातो. तुझंच खरं होतं, एवढं तिले सांगायचं राहून गेलं.