अकीकाचा मणी

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरलं, की भिगवणच्या बाजारात माशांच्या वासात ओल्या गाळाचा वास मिसळतो. काल तो नाकात शिरला आणि माझा जुना जळफळाट जागा झाला.

शाळेत असताना मावसबहीण लता वालचंदनगरहून सुट्टीला आमच्याकडं आली होती. कंपनीच्या क्वार्टरमधली ती पोरगी गाळाला भ्यायची. म्हणून काठच्या गाळात मी पुढं चालले, आणि ती माझ्या पावलात पाऊल टाकत मागून आली. एकाएकी ओरडली, "ताई, हे बघ!" माझ्याच पावलाच्या ठशातून तिनं डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल मणी उचलला होता.

आमच्या शाळेतल्या गुरुजींना दाखवायला नेला, तेव्हा त्यांनी तो उन्हात धरला. "पोरींनो, अकीक हाय हा. सातवाहनांच्या काळातला असंल. गुजरातेतनं व्यापाऱ्यांचे तांडे यायचे, त्यांच्या सोबतीनं बौद्ध भिक्खू चालायचे. पार रोमपर्यंत जायचा असला माल."

"तुझ्या पावलात सापडला, तूच घे," लता म्हणाली.

"मला न्हाय पायजे," मी तोऱ्यात म्हणाले.

आता तो मणी सोन्यात मढवून तिच्या गळ्यात असतो. लग्नकार्यात बायका विचारतात, आणि ती सगळी हकीकत सांगते, माझ्या नावासकट. त्यानं तर अंगाची आणखीच आग होते. एवढे डोंगर, एवढ्या नद्या ओलांडून आलेला मणी माझ्या टाचेखालून तिच्या हातात गेला!

काल बाजारातून परतताना माझी मुलगी म्हणाली, "आई, गाळात उतरू या?"

"चल," मी म्हणाले, "पण तू पुढं हो."