सासूचा आवाज

जुन्या सिनेमांच्या सीड्या आता निघत नाहीत, हे यिम लाईक्वान गिऱ्हाइकाला इतक्या शांतपणे सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, आज मासळी संपली, उद्या येईल. हाँगकाँगच्या ‘तो क्वा वान’ भागातल्या बाजारात, घड्याळवाल्या सिउ काकांच्या शेजारी, तिचं सिनेमांच्या सीड्यांचं दुकान होतं. नवऱ्याने ते थाटलं तेव्हा दर महिन्याला खोकं यायचं. आईबापांच्या तरुणपणचे इथल्या कँटनीज बोलीतले काळे-पांढरे सिनेमे, नव्या कव्हरात. मग खोकं दोन-तीन महिन्यांनी येऊ लागलं, मग फक्त नववर्षाच्या तोंडावर. शेवटी नवरा गेला त्या वर्षी कंपनीचा माणूस नुसतं कॅलेंडर घेऊन आला. म्हणाला, “ताई, बघणारेच उरले नाहीत.”

“मग माझ्या दुकानात बसतात ते कोण?” लाईक्वानने विचारलं. त्याने कॅलेंडर ठेवलं आणि गेला.

बसणारे होतेच. बुधवारी दुपारी ती कपाटं भिंतीला सरकवायची, घडीची स्टुलं मांडायची आणि एक सिनेमा लावायची. बाजारातल्या बायका खरबुजाच्या बिया सोलत बसायच्या. लाईक्वान मागे उभी राहून बटणं दाबायची. बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पोरवयात प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यात लागली, तिथे यंत्रांच्या आवाजात बोलून उपयोग नसे. ती सवय तिला जन्माची जडली. नवरा होता तोवर तो दोघांचं बोलायचा.

सगळ्यांत पुढचं स्टूल मोक आजींचं. वय शहाऐंशी, आवाज मात्र मासळीवालीला लाजवील असा. त्यांचा मुलगा कावाह त्यांना कायमचं मँचेस्टरला घेऊन चालला होता. शनिवारचं विमान. जायच्या आधी आजींनी एकच मागितलं: तो सासू-सुनेचा सिनेमा सगळ्यांसोबत पुन्हा बघायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूला चुकवून त्या तो एकट्याच बघून आल्या होत्या आणि घरी येऊन सासूच्या शिव्या खाल्ल्या होत्या. “तिकडे बर्फात मला कोण दाखवणार?” त्या म्हणाल्या. लाईक्वानने मान डोलावली. सिनेमा तिच्याकडे होता.

रात्री तिने सीडी उजेडात धरली तर चंदेरी मुलामा कडेने सुटून आला होता. पडद्यावर सुनेचा चेहरा चौकोनी ठिकऱ्या होऊन थिजायचा. दुसरी प्रत कुठून आणायची? जिने ती काढली ती कंपनी बंद पडलेली, आणि फोनवर सगळं मिळतं म्हणतात त्यात नेमका हाच सिनेमा नाही. तिने ओळखीच्या दुकानदारांना विचारलं, ज्यांची दुकानं उठली होती त्यांच्या घरी जाऊन विचारलं. अखेर मलेशियात, पेनांगला राहणाऱ्या मामेबहिणीला एक प्रत सापडली. ती प्रत मंगळवारी पोचली. लाईक्वानने चित्र तेवढं पळवून पाहिलं, आवाज बंद ठेवून. आजींच्या आधी आपण ऐकायचं, हे तिला बरं वाटेना.

बुधवारी स्टुलं पुरली नाहीत. कावाहसुद्धा आला, हातात अंड्याच्या गोड टार्टचं खोकं घेऊन. सिनेमा सुरू झाला, सासूने तोंड उघडलं आणि त्यातून निघाली मँडरिन, बीजिंगच्या बातम्यांची भाषा.

यात नवल नव्हतं. या सीड्यांत आवाजाच्या डाव्या बाजूला कँटनीज, उजव्या बाजूला मँडरिन असते; बटण चुकलं की नको ती भाषा येते. लाईक्वानने बटण दाबलं. मँडरिन. पुन्हा दाबलं. तरी मँडरिन. परदेशासाठी काढलेली प्रत होती, दोन्ही बाजूंना एकच भाषा.

“ही सासू बातम्या देतेय का?” फुंग मावशींनी विचारलं. त्यांचं शिवणाचं दुकान समोरच होतं. बायका हसल्या. आजी हसल्या नाहीत. चित्र दिसतंय ना, तेच बघू, असं कावाह समजावू लागला. आजींनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

लाईक्वानच्या हातात रिमोट तसाच होता. तिने आवाज पूर्ण बंद केला.

पडद्यावर सासू सुनेवर हात उगारून ओठ हलवत होती. आणि लाईक्वानला कळायच्या आत तिच्याच तोंडून सुनेचं वाक्य बाहेर पडलं, “सासूबाई, मी चोरी केली नाही हो.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ही बोलते, हेच निम्म्या जणांना नवीन होतं. पण आजींची पाठ ताठ झाली. “चोराच्या उलट्या बोंबा,” त्या गरजल्या. “चालती हो. पुन्हा या घराची पायरी चढलीस तर तंगडं मोडीन.”

मग काय, सगळ्यांना बराचसा पाठ असलेला तो सिनेमा हातोहात वाटला गेला. सुनेच्या नवऱ्याचं काम सिउ काकांकडे आलं. ते इतकं हळू बोलत, की फुंग मावशी म्हणाल्या, “काका, बायकोला घराबाहेर काढताय, घड्याळाला किल्ली देत नाही आहात.” कुणाला वाक्य आठवलं नाही की दुसरी पुरवायची, कधी दोघी दोन वाक्यं पुरवून भांडायच्या. आजी सुनेला छळत सुटल्या. पडद्यावरची सासू दमून गप्प बसली तरी यांच्या शिव्या चालूच. त्यातल्या बऱ्याचशा सिनेमातल्या नव्हत्या.

शेवटच्या प्रसंगात आंधळी झालेली सासू चाचपडत सुनेच्या खोपटापाशी येते. माफी मागत नाही. फक्त विचारते, जेवलीस का? पडद्यावर ओठ हलले. आजींकडून आवाज आला नाही. सगळ्यांना वाटलं, विसरल्या. आजी स्टुलावर पुऱ्या मागे वळल्या होत्या आणि लाईक्वानकडे बघत होत्या.

“जेवलीस का गं?” त्यांनी विचारलं, साध्या, रोजच्या आवाजात.

सुनेचं उत्तर लाईक्वानला पाठ होतं. “अजून नाही, आई,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी थांबले होते.”

पडदा काळा झाला तरी कुणी उठलं नाही. मग फुंग मावशींनी नाक शिंकरलं आणि टार्टचं खोकं फिरलं. निघताना आजी कुरकुरल्या, “एवढं करून मी सिनेमा पाहिलाच नाही. सगळा वेळ बोलण्यात गेला.”

“मग परत या बघायला,” लाईक्वान म्हणाली. आजींनी तिच्या गालावर हलकेच चापट मारली आणि कावाहचा हात धरून गर्दीत शिरल्या. त्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. विमानात गरम पाणी मिळतं की नाही, हे त्या मुलाला विचारत होत्या.

पुढच्या आठवड्यात लाईक्वानने माळ्यावरून दोन खोकी उतरवली. त्यांत नुसत्या मँडरिनमधल्या प्रती होत्या, कुणी घेत नाही म्हणून धूळ खात पडलेल्या. ती एकेक पुसू लागली. पलीकडून सिउ काकांनी डोळ्याचं भिंग वर सरकवलं आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, यांत एखाद्या खलनायकाचं काम आहे का.