वडगावातलं अर्धं कार्ड

वायफायचं कार्ड बसवलं, डेस्कटॉप चालू केला, आणि डेस्कटॉपला कार्डाचा पत्ताच नाही. काढून पुन्हा बसवलं. तेच. तिसऱ्यांदा मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आक्का, हा बोर्डच टाकाऊ आहे. स्वस्तातला माल असाच असतो."

सुनंदाआक्का बेळगावच्या वडगावात राहतात. खाली दोन पॉवरलूम, माडीवर हा डेस्कटॉप. त्यावर त्या साड्यांची डिझाइनं काढतात. शाळा सातवीपर्यंत, पण डिझाइनचं सॉफ्टवेअर पन्नाशीला आल्यावर स्वतःच शिकल्या. मी बेळगावात बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. असं गिऱ्हाईक मला क्वचित भेटतं.

राऊटर गल्लीपलीकडं त्यांच्या दिरांच्या घरात. मधून ओढलेली केबल मालाचे टेम्पो तोडायचे. यूएसबीचा वायफाय डोंगल व्हिडिओ कॉलच्या ऐन मध्यात मान टाकायचा. म्हणून आक्कांनी एक ॲडाप्टर बोर्ड ऑनलाइन मागवला होता. लॅपटॉपचं वायफाय कार्ड बिस्किटाच्या तुकड्याएवढं असतं, ते डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये थेट बसत नाही. हा बोर्ड नुसता मधला दुवा. एका बाजूला कार्ड खुपसायचं, दुसरी बाजू मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये. कार्ड त्यांच्या मुलीच्या स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपमधून काढलं होतं.

चार वाजता हुबळीच्या व्यापाऱ्याचा कॉल होता. तो सांगेल तसे रंग आणि काठ तिथल्या तिथं बदलून दाखवायचे होते, फोटो पाठवून भागणार नव्हतं. ऑर्डर नसल्यानं दोन आठवडे माग बंद होते. आणि घड्याळात तीन वाजत आले होते.

"नवीन बोर्ड मागवून देतो," मी म्हणालो. "पण आज व्हायचं नाही."

"बोर्ड वाईट हाय, हे कशावरनं म्हणतायसा अण्णा?"

"दिसतंय की. चालत नाही."

"मागावर बाण्याचा, म्हंजे आडवा, धागा तुटाया लागला, तर आमी आधी त्यो धागा नेणारा धोटा बदलतो. धागा तोच ठेवतो. मग बी तुटला, तर धाग्याकडं बघतो. एका टायमाला एकच बदलायचं. न्हायतर चोर कळत न्हाय." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या बॅगेत दुसरं कार्ड न्हाय?"

होतं. एका जुन्या लॅपटॉपमधलं. तेच त्या बोर्डात बसवलं, आणि पहिल्याच झटक्यात डेस्कटॉपनं ते ओळखलं.

म्हणजे बोर्ड चांगला. पण मुलीचं कार्डही लॅपटॉपमध्ये शेवटपर्यंत चालत होतं. मग मी जे सगळ्यात आधी करायचं ते केलं. त्या कार्डावरचा नंबर वाचला आणि फोनवर शोधला. काही कार्डं अर्धीच असतात. उरलेलं अर्धं काम लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या बाजूला होतं. दिसायला अगदी पूर्ण कार्डासारखी, बसतातही तशीच, पण अशा ॲडाप्टरवर चालत नाहीत.

मी आक्कांना तसं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं, आणि माझ्या बॅगेतलंच कार्ड बोर्डात राहू दिलं.

"असूं द्या. आता त्या अँटेनाचं बघा," त्या म्हणाल्या.

अँटेनाच्या वायरीचं टोक मोहरीएवढं. ते कार्डावरच्या तेवढ्याच टाचणीवर सरळ दाबायचं. तिरकं गेलं की वाकलं. माझ्या हातून दोनदा घसरलं. 

"सरका जरा."

आक्कांनी वायर धरली, कार्डावर वाकल्या आणि दोन बोटांनी दाबली. टिक. दुसरी. टिक. तीस वर्षं तुटलेले धागे सांधणारी बोटं ती. मी फक्त टॉर्च धरला होता.

चारला दहा मिनिटं असताना सिग्नल पूर्ण आला. व्यापारी कन्नडमध्ये म्हणाला, "अंचु सण्ण माडि." म्हणजे काठ बारीक करा. आक्का "आयतु", म्हणजे ठीक, म्हणाल्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत काठ निम्मा केला. त्यानं तांबडा मागितला, मग डाळिंबी मागितला, मग परत तांबडाच. पाऊण तास कॉल एकदाही तुटला नाही. मी कोपऱ्यात बसून बघत होतो. बाई एकदाही गडबडल्या नाहीत.

त्यानं तीनपैकी एकच डिझाइन घेतलं. एक माग त्याच आठवड्यात सुरू झाला. दुसरा आणखी महिनाभर बंदच होता. दुसऱ्या दिवशी मला परत जावं लागलं. या बोर्डावर ब्लूटूथसाठी एक बारीक वायर वेगळी जोडायची असते, ती मी विसरलो होतो. "आता तुमच्यापेक्षा मलाच लई येतंय," म्हणून आक्का हसल्या. मी चहा घेतला, वाद घातला नाही.

आता असं काम आलं, की मी निघण्याआधी गिऱ्हाइकाला फोनवरच कार्डावरचा नंबर वाचून दाखवायला सांगतो. दोन मिनिटांचं काम आहे. ते शिकायला मला बावीस वर्षं लागली.