काचांवर वर्तमानपत्र

माझी भावजय वक्तशीर आहे, हे सांगण्यात शब्द खर्च करणं म्हणजे मासा पोहतो हे सांगण्यासारखं आहे. तिची लाँच सकाळी आठला समोरच्या बेटाकडे सुटते, आणि आठ म्हणजे आठ. एकदा मी, तिची सख्खी नणंद, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी, धक्क्याच्या पायऱ्या उतरत हात हलवत होते. तिनेही हसून हात हलवला आणि लाँच सोडली. संध्याकाळी म्हणते, "वन्सं, तुमच्यासाठी थांबले असते तर उद्यापासून प्रत्येकाची नणंद निघाली असती." रोजचे उतारू तिला 'आठची' म्हणतात. तोंडावरसुद्धा.

लाँच मुळात माझ्या धाकट्या भावाची. तीस वर्षं त्याने चालवली. मग हात थरथरायला लागले आणि एके दिवशी त्याने लाँचची कड धक्क्यावर चांगली वीतभर खरवडली. तोवर दोर सांभाळणं, इंजिनात तेल घालणं, उतारूंची भांडणं सोडवणं ही सगळी कामं भावजयच करत होती. ती केबिनमध्ये गेली, म्हणाली, "सरका, मी बघते." उतू जाणाऱ्या दुधापाशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणावं तसं. पुढे रीतसर परवानाही काढला. मला वाटतं, त्या दोघांच्या संसारातला सगळ्यात मोठा निर्णय तो, आणि त्याला चार शब्दसुद्धा लागले नाहीत.

ती खुणांवर चालायची. पाण्याची टाकी शाळेच्या छपरामागे लपली की डावीकडे वळायचं, मग बेटावरचं पांढरं गोदाम नाकासमोर धरायचं. उजवीकडे वाळूचा उथळ पट्टा, तिकडे जायचं नाही. चाकापुढे पितळी पेटीत होकायंत्र होतं. ते ती रोज पुसायची, बघत मात्र कधीच नव्हती. बघायची गरजच काय?

गरज बंदर कार्यालयाने निर्माण केली. नवा नियम आला: धुक्यामुळे समोरचा किनारा दिसत नसेल, तर ज्याला सागरी नकाशावर बोट चालवता येते, त्यानेच उतारू न्यायचे. तसं प्रमाणपत्र नसेल तर धुकं उठेपर्यंत धक्क्याला बांधून राहायचं. आमच्याकडे वर्षातले दोन महिने धुकं दहाला उठतं. दहाची लाँच घेऊन बेटावरच्या दवाखान्यातल्या नर्सने काय करायचं? शिवाय आठला जी बोट सुटू शकत नाही, तिची वेळ दुसऱ्या बोटीला मिळणार, असं पत्रातच लिहिलं होतं. आठची वेळ गेली तर 'आठची'कडे राहतं काय?

नकाशासाठी महागडं यंत्र लागत नाही, मंजूर नकाशा असलेला फोन चालतो, एवढी मेहेरबानी होती. परगावी असलेल्या तिच्या मुलीने नकाशा फोनवर घालून दिला आणि शिकवणीही फोनवरूनच सुरू केली.

"आई, दोन बोटांनी ताण."

"ताणतेय गं, आता फाटेल."

"हात ओला असेल तर चालत नाही. पूस आधी."

"लाँचवर कोरडा हात कुठून आणू? तुझा पाठव."

पण शिकली. निळा रंग गडद झाला की उथळ, पांढरा म्हणजे खोल, आकडे म्हणजे तिथे किती मीटर पाणी, हे तिने दोन दिवसांत उचललं. नकाशा लहान करून पाहिला की खडक गायब होतात, जवळ आणला की उगवतात, हे कळल्यावर म्हणाली, "लग्नाच्या स्थळासारखंच आहे. लांबून सगळं स्वच्छ." तीन आठवड्यांत ती लाँचचा बाण नकाशावरच्या मार्गाच्या रेषेवर ठेवून बेटापर्यंत जायला लागली. अर्थात काचांतून टाकी आणि गोदाम दिसत असताना. डोळे आपोआप तिकडे जायचेच.

मुलीने फोनला एक जाड, पुस्तकासारखं उघडणारं कव्हर पाठवलं होतं. फोन ठेवायला केबिनमध्ये सपाट, कोरडी जागा एकच: होकायंत्राच्या पेटीला लागून.

प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या दिवशी बंदर कार्यालयातून आलेला साहेब तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, हातात कागद लावलेली पाटी आणि चिकटपट्टी. त्याने केबिनच्या सगळ्या काचांवर वर्तमानपत्र चिकटवलं. भावजयीच्या नाकासमोर कुकरची अख्खी पानभर जाहिरात आली. नियम सोपा होता. भाऊ नाळेवर, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकावर, उभा राहून पुढे बघणार. खरंच धोका दिसला तर ओरडणार. आणि तो ओरडला, की ही नापास.

"आणि या बाई कोण?" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"उतारू," मी म्हटलं.

"बोलायचं नाही."

परीक्षा खरी माझीच होती.

धक्क्यापासून पाण्यात तरंगणाऱ्या बोयापर्यंतचा पहिला टप्पा नुसत्या फोनवर होता, तो छान गेला. बोयापाशी वळण घेतलं आणि घोळ सुरू झाला. नकाशावरच्या रेषेप्रमाणे होकायंत्रावर चाळीस अंश धरायचे होते, तिने धरले. तबकडी चाळीसवर स्थिर, पण फोनवरचा बाण रेषा सोडून उजवीकडे सरकायला लागला. तिने चाळीस पुन्हा तपासले. चाळीसच. बाण आणखी उजवीकडे. पाण्याचे आकडे उतरायला लागले: नऊ, सात, पाच.

बाहेरून खोकला ऐकू आला.

साहेबांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "हा इशारा समजू का?"

"नाही साहेब," भाऊ म्हणाला, "खोकलाच आहे." ओरडला तर बायको नापास, नाही ओरडला तर लाँच वाळूत.

भावजयीने इंजिनाचा वेग उतरवला. लाँच जवळजवळ थांबली, तसा फोनवरचा बाण गरगर फिरायला लागला. "थांबलं की याला दिशाच कळत नाही," ती पुटपुटली आणि थोडा वेग परत दिला. तीस वर्षं नवऱ्यापुढे असलेलं होकायंत्र एक सांगत होतं, तीन आठवड्यांचा फोन दुसरं. कोणाचं ऐकायचं? मी जीभ दाताखाली धरून बसले होते.

खोलीचा आकडा नीट वाचायला तिने फोन उचलून चष्म्याजवळ आणला. होकायंत्राची तबकडी सरकन फिरली.

तिने फोन खाली ठेवला. तबकडी परत फिरली. उचलला, फिरली. ठेवला, फिरली.

"बाई, खेळताय का?" साहेब म्हणाले.

ती चक्क हसायला लागली. "साहेब, मीच दोन जावा एका ओट्याशी उभ्या केल्यात आणि वर म्हणतेय, जमत का नाही!" तिने केसातली पिन काढून कव्हरच्या झाकणाला लावली. पिन टक्‌कन चिकटून बसली. झाकण बंद राहावं म्हणून आत चुंबक बसवलेला! तिने फोन सोलून काढला आणि कव्हर माझ्या मांडीवर टाकलं. "वन्सं, हे घ्या आणि पार मागच्या बाकावर जाऊन बसा."

मी गेले. उलट न बोलता, आयुष्यात पहिल्यांदाच.

होकायंत्र आता बासष्ट दाखवत होतं. म्हणजे इतका वेळ ती चाळीस समजून बासष्टवर चालत होती, थेट वाळूकडे. तिने चाक डावीकडे फिरवलं. पाच, सहा, आठ. बाण हळूहळू रेषेवर येऊन बसला. नाळेवरून मोठा सुस्कारा ऐकू आला. त्याला साहेबांनी हरकत घेतली नाही.

तिने इंजिन बंद केल्यावर साहेबांनी कुकरची जाहिरात फाडली. वीस फुटांवर बेटाच्या पायऱ्या होत्या.

"होकायंत्राशेजारी चुंबक ठेवलात," साहेब म्हणाले. "गुण कापावे लागतील."

"कापा. चूक माझीच."

"चूक चालत्या बोटीत स्वतः शोधलीत. पण त्याचे गुण द्यायला इथे रकाना नाही."

"मग आखा की!" मी मागच्या बाकावरून ओरडले. "आता परीक्षा संपली, आता मी बोलणार. एका उभ्या रेघेचं तर काम आहे!"

त्याने रकाना आखला नाही. पण शेऱ्यात तीन ओळी लिहिल्या, पन्नासपैकी एक्केचाळीस दिले आणि सही केली. पास व्हायला चाळीस लागत होते. भावाने तो कागद दोनदा वाचला आणि बायकोची पाण्याची बाटली भरून आणली.

त्यानंतर नऊ दिवस लख्ख ऊन. भावजय रोज आकाशाकडे चिडून बघायची. दहाव्या दिवशी धुकं असं उतरलं, की धक्क्यावर मला माझ्याच चपला दिसेनात. उतारू पायऱ्यांवर उभे. आधी कोण चढणार? नर्स पुढे झाली, म्हणाली, "मला साडेआठला इंजेक्शनं द्यायचीत, तुम्ही उभे राहा खुशाल." मग सगळे चढले. आठच्या ठोक्याला भावाने दोर सोडला. चार हातांवर लाँच दिसेनाशी झाली, नुसता इंजिनाचा आवाज राहिला, मग तोही गेला.

मी काही घाबरत नाही. पण घरी न जाता तिथेच बाकावर बसून राहिले, हे खरं. आठ एकतीसला फोन वाजला.

"वन्सं, पोचलो. ठेवते, परतीची माणसं चढताहेत."

मी काही बोलायच्या आत ठेवलासुद्धा. धुकं दहाला उठलं. तोवर तिची दुसरी फेरी निम्म्यावर आली होती.