चौकातला एकोणीस

माझी धाकटी मावशी किरणोत्सर्ग मोजायच्या खात्यात आहे. शहरातल्या ठरलेल्या बत्तीस जागी रोज मीटर धरायचा आणि आकडा लिहायचा, हे तिचं काम. किरण थोडेफार सगळीकडेच असतात. प्रत्येक जागेचा आपला एक आकडा असतो. वाचनालयाच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर अठरा, शाळेच्या मैदानावर नऊ. मावशीला भाचरांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण हे बत्तीस आकडे झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणेल.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने भरलेली बस रस्त्यात थांबवून रिकामी करवली होती. मीटर नुसता कोकलत होता. कारण निघालं एक आजोबा! थायरॉइडसाठी इस्पितळात किरणोत्सर्गी औषध घेऊन बिचारे घरी निघाले होते. तेव्हापासून खात्यात तिचं नाव पडलं ‘बसवाली’. सात वर्षं ती तिथे हसून ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

गेल्या वर्षी एका दुपारी चौकातल्या नेहमीच्या अकराचे एकोणीस झाले. तिने साहेबांना फोन लावला.

“अहो, सकाळी पाऊस झाला ना,” साहेब म्हणाले. “पावसाबरोबर हवेतलं किरणोत्सर्गी द्रव्य खाली येतं. उतरेल.”

“ते दोन-तीन तासांत उतरतं, साहेब. पाऊस थांबून पाच तास झाले.”

“मग काय, आज परत बस थांबवणार?”

मावशीने फोन ठेवला, मीटर पोटाशी धरला आणि भर चौकात जागच्या जागी गोल फिरायला लागली. आपलंच अंग मध्ये आलं की आकडा पडतो. ज्या बाजूला पाठ असताना पडेल, तिकडून किरण येताहेत. फळवाला खो खो हसत होता. भंगारवाल्याच्या फाटकाकडे पाठ झाली आणि आकडा घसरला.

फाटकाशी पोहोचेपर्यंत मीटर तीनशेच्या पुढे गेला. आत पाच माणसं होती. त्यांतला एक, गॅसची ज्योत घेऊन, शिशाची जाड पेटी कापायला बसला होता. कुठल्याशा कारखान्यातलं, टाकीची पातळी मोजायचं जुनं यंत्र होतं ते. आत किरणोत्सर्गी गोळी आणि पेटीची झडप अर्धी उघडी. ज्योत गोळीपर्यंत गेली असती तर ते विष धुराबरोबर चौकभर पसरलं असतं, आणि त्या पाच जणांची तर धडगत नव्हती.

मालक आडवा आला. “बाई, काही कागद आहे का तुमच्याकडे?”

कागद नव्हता. याही वेळी चूक निघाली तर, हा विचार डोक्यातून जात नव्हता, हे तिने नंतर माझ्याजवळ कबूल केलं. पण मालकाच्या खांद्यावरून ती ओरडली, “दादा, ज्योत बंद करा! मी चुकले तर माझी नोकरी जाईल. तुम्ही चुकलात तर तुम्ही जाल!”

कापणाऱ्याने मालकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ज्योत बंद केली.

मावशीने सगळ्यांना बाहेर काढून रस्ता अडवला. तिच्या फोनवर खात्याचं पथक आलं, त्यांनी लांब चिमट्याने झडप लावली आणि पेटी शिशाच्या पिंपात घातली. पेटीची भिंत बोटभर उरली होती. साहेब स्वतः आले आणि हळूच म्हणाले, “माझं चुकलं.” भली बाई असती तर ‘असू द्या’ म्हणाली असती. आमची मावशी म्हणाली, “जरा मोठ्याने म्हणा साहेब, फळवाल्यालाही ऐकू जाऊ दे.” आणि साहेबांनी म्हटलं!

पण घरी तिला चैन पडेना. त्या पाच जणांच्या रक्ताच्या तपासण्या आठवड्यामागून आठवडे चालल्या होत्या. ती ताटावर बसायची आणि नुसती चिवडत राहायची. शेवटी एका सकाळी त्या कापणाऱ्याचाच फोन आला. “ताई, डॉक्टरांनी सोडलं आम्हाला. रक्त एकदम चांगलं आहे, सगळ्यांचं.”

मावशी आधी हसली, मग ढसाढसा रडली आणि मला गच्च धरून म्हणाली, “पाचही गं! पाचही!”