धारेखालचे दोन हात

आमची जुई पाच वर्षांची व्हायला आली, तरी माझ्याशी ती एकदाही खेळली नव्हती. ऑटिझम म्हणजे काय हे तोवर आम्हाला डॉक्टरांनी समजावून झालं होतं. तिला आवाज टोचतात, लोकरीचा कपडा चावतो, पाणी मात्र प्राणप्रिय, हेही कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बाकीचे बाप पोरांच्या मागे धावताना बघणं वेगळं. रात्री देवापुढे निरांजन लावताना मी मनात म्हणायचो, ‘आम्ही तुझं काय घोडं मारलंय, ते तरी सांग.’

थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं होतं, तिला खेळायला शिकवू नका, तिच्या खेळात शिरा. शिरा म्हटल्यावर मी घुसलोच. जुई ठोकळे जमिनीवर एका ओळीत मांडते. मी उलव्याला बांधकामावर सुपरवायझर. आडवं पडलेलं काही दिसलं की उभं करायची सवय. मी तिच्या ओळीचा मनोरा केला. तिने अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मग भजनी मंडळातली माझी झांज मी घरी आणली. म्हटलं, तालाने पोर रमेल. पोर पलंगाखाली गेली ती जेवायलासुद्धा बाहेर येईना. बायको म्हणाली, “अहो, तुम्हाला खेळायचंय की तिला?” मी झांज पिशवीत घातली.

शेवटी श्रावणात मी नवस बोललो. तळ्याकाठी एक लहानसं शंकराचं देऊळ आहे, तिथे अखंड धारेचा अभिषेक करायचा. रुद्र संपेपर्यंत धार तुटू द्यायची नाही, आणि त्या बदल्यात देवाने माझ्या लेकीला इतर मुलांसारखं करायचं. असा रोखठोक व्यवहार. सोमवारी गर्दी, म्हणून मी मंगळवार निवडला. शंकर काय मंगळवारी रजेवर असतो? बायकोला सुट्टी मिळेना, म्हणून जुईला मीच घेऊन गेलो. तिच्या कानांवर आवाज कमी करणारा हेडफोन चढवला, आणि गुरुजींना आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, “काही झालं तरी घंटा वाजवू देऊ नका कुणाला.”

गुरुजींनी कुणाला वाजवू दिली नाही. देवळात शिरताना सवयीने हात वर करून मीच वाजवली.

जुई दारातच बसली, दोन्ही हात कानांवर. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने ती सावरली. गुरुजींनी पिंडीवर टांगलेलं तांब्याचं अभिषेकपात्र भरलं, बुडाच्या भोकातून बारीक धार सुरू झाली, आणि मी डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा जुई गाभाऱ्यात पिंडीशेजारी उकिडवी बसली होती आणि तिचा तळवा धारेखाली होता. पिंड कोरडी पडत चालली होती.

“जुई! धार तुटली!” मी ओरडलो आणि तिचा हात बाजूला ओढला. ती रडायला लागली आणि हात परत तिथेच. मी पुन्हा ओढला. नवसाचं वाटोळं होत होतं आणि करणारी तीच, जिच्यासाठी नवस.

मागून आवाज आला, “आरं बाबा, वरडतोस कशाला? पानी देवावरच पडतंय ना? पोरीच्या हातावरून पडतंय, येवढंच.”

वळून पाहिलं. गावाकडची एक म्हातारी, नऊवारी, काखेत पाण्याने भरलेली कळशी. आपल्या अभिषेकाची पाळी येण्याची वाट बघत उभी होती. मी म्हटलं, “आजी, अखंड धारेचा नवस आहे.”

“मंग धर की अखंड. आन् आटप लवकर, माझी रिक्षा भायेर उभी हाय.”

गुरुजी रुद्र म्हणतच होते. मी हात मागे घेतला. खरं सांगतो, भक्तीने नाही, लाजेने. जुईच्या बोटांच्या फटींतून पाणी पिंडीवर ठिबकू लागलं. ती रडायची थांबली. तेवढ्यात पात्र रिकामं झालं. जुईने वर भोकाकडे पाहिलं, मग माझं मनगट धरलं आणि माझा हात भोकाखाली नेऊन ठेवला. पाणी हवंय, एवढं कळलं. मी बादली शोधतोय, तोवर आजींनी पुढे होऊन आपली कळशीच पात्रात ओतली.

पाणी आता माझ्या तळव्यावर पडत होतं. जुईने तिचा हात माझ्या हाताखाली धरला. मग काढला. मग वर ठेवला आणि माझा खाली ढकलला. मग थांबली, आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. तशी ती क्वचितच बघते. मला पहिल्यांदाच काही सुचलं नाही, आणि तेच बरं झालं. मी नुसता माझा हात काढून वर ठेवला. ती खळखळून हसली. तिचा हात वर, माझा वर, तिचा वर. रुद्र संपला तरी आमचं संपेना. गुरुजी गुपचूप बादलीने पाणी घालत राहिले.

भानावर आलो तेव्हा आजी नव्हत्या. त्यांचं पाणी तर आम्ही संपवलं होतं. मी विचारलं, तर गुरुजी म्हणाले, “त्या म्हणाल्या, माझा झाला अभिषेक.” धावत बाहेर गेलो, रिक्षा गेलेली. नाव नाही, गाव नाही. त्या कोण होत्या यावर मी वाद घालत नाही. त्या वेळी त्या तिथे होत्या, एवढं मला पुरतं.

जुई इतर मुलांसारखी झाली नाही. व्यवहार म्हणाल तर फसला. पण आता बाथरूममध्ये तळाला भोक पाडलेला डबा टांगलाय, त्याखाली आम्ही दोघं बसतो. कधी तिला मी नको असतो, तेव्हा दाराबाहेर बसून राहतो. बोलावलं की जायचं, एवढंच माझं काम. माझ्यासारख्या सुपरवायझराला हे शिकवायला देवाला किती पाणी खर्चावं लागलं!

आज सकाळी पूजा करत होतो. गंध लावून झालं होतं, फुलं वाहायची होती, तेवढ्यात जुई आली आणि माझं बोट धरून ओढू लागली. फुलं ताम्हनात तशीच ठेवली आणि देवाला म्हटलं, “तुम्ही बसा जरा. मला बोलावणं आलंय.”