बाराव्यावरची हाळी

कोल्हापूरबाहेरच्या माळावर संस्थानाच्या काळातलं एक गोल्फचं मैदान आहे. खासगी आहे. म्हणजे आत जायचं तर मेंबर असावं लागतं, नाहीतर मेंबराची बॅग खांद्यावर असावी लागते. आण्णा खोत तीसेक वर्षं दुसऱ्या सोयीनं आत जात होता.

क्लबहाऊसच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. टोपीवाले साहेब, फेटेवाले सरदार, पुढ्यात लोळलेलं कुत्रं, आणि अगदी कडेला, निम्मा चौकटीत निम्मा बाहेर, बॅग घेतलेला एक अनवाणी माणूस. खाली सगळ्यांची नावं छापली आहेत, कुत्र्याचंसुद्धा. त्या माणसाचं तेवढं नाही. त्यामुळं झालंय काय, की मैदानावरच्या निम्म्या कॅडींचा तो आजा लागतो. आण्णाचाही लागायचा. "नाक बघा की, नाक!" असं तो नव्या मेंबरांना सांगायचा. फोटोत नेमकं नाकच चौकटीबाहेर गेलेलं.

पण हे झालं माघाच्या आधीचं. माघात आण्णाची बायको, झुंबरबाई, तापाचं निमित्त होऊन गेली, आणि आण्णानं नाक दाखवायचं सोडलं. बाकी काही सोडलं नाही. वेळेवर उठत होता, जेवत होता, कामाला येत होता. रडला मात्र नाही. भावकीनं वाट बघितली. दिवसकार्याला आलेल्या बायका त्याच्याकडं बघून पुन्हा रडल्या, तरी हा आपला मांडवाची दोरी सैल झालीय का बघत उभा. लेक तेजस्वी मुरगूडला दिलेली. ती माघारी जाताना म्हणाली, "आण्णा, चहात साखर टाकायची विसरली हुती मी चार दिस. तुमी बोलला न्हाईसा." आण्णा म्हणाला, "व्हय?"

आणि झुंबरबाई ही काही गुपचूप विसरून जावी अशी बाई नव्हती. मैदानावर ती 'आगंवाली' होती. बाराव्या होलला टीसमोर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेसमोर, उंचवटा आहे. त्यापलीकडं जमीन उतरत जाते ती ओढ्याच्या घाणेरीत. मारणाऱ्याला चेंडू उंचवट्यापर्यंतच दिसतो, पुढचं सगळं देवाच्या आणि झुंबरबाईच्या हवाली. ती माथ्यावर उभी राहून चेंडू कुठं पडला ते बघायची आणि खुणेनं सांगायची. पदर उजवीकडं धरला की उजवीकडं, डावीकडं धरला की डावीकडं, डोक्याला हात लावला की गेला. दोन्ही हात वर म्हणजे मधोमध, आणि वर हाळी, "हाय होऽऽ!" ती हाळी क्लबहाऊसच्या व्हरांड्यात ऐकू जायची. तिथं पेपर वाचणारे एक रिटायर्ड मेंबर मान वर न करता म्हणायचे, "कुणाचा तरी सरळ गेला."

लोक म्हणायचे, जरा हळू ओरडत जावा की. ती म्हणायची, "मी काय कानात सांगायला उभी हाय व्हय?"

हाळी आली की टीवर आण्णा बॅग खांद्यावर मारायचा आणि मेंबराला सांगायचा, "हाय. मधोमध. चला." नवराबायकोचं दिवसभरातलं बरंचसं बोलणं असं दोनशे पावलांवरून व्हायचं. जवळून बोलायला लागली की भांडायची.

तर, माघानंतर आण्णा बॅग वाहत होता, पण लक्ष असं कुठंच नव्हतं. मेंबरानं चेंडू ढकलायचा पटर मागितला तर उंच उडवायची वेज काठी द्यायचा. एकदा तर झेंडाच बॅगेत घालून पुढच्या होलला घेऊन निघाला. शेवटी कॅडींचा मुकादम गुरुप्रसाद त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आण्णा, तुमचं दुःख हाय, मान्य. पण तक्रारी यायला लागल्यात. ह्या वर्षीची टूर्नामेंट नीट पार पाडा. पडली तर बॅग तुमची. न्हाय पडली तर घरी बसा काही दिवस."

घरी बसायचं म्हणजे जिथं झुंबरबाई नाही तिथं बसायचं. आण्णाला एवढं मात्र कळलं. तो म्हणाला, "पाडतो की."

स्पर्धेत त्याला मागून घेतलं डॉक्टर अस्मितानं. ही राजारामपुरीतली दातांची डॉक्टर. आण्णाची दाढ तिनंच काढलेली. तेव्हा इंजेक्शन दिल्यावर त्यानं ओठ चाचपून विचारलं होतं, "बाईसाहेब, ह्यो ओठ कुणाचा?" ती हसली होती. आता महिलांच्या गटात दोन दिवस खेळून ती एका फटक्यानं पुढं होती. मागं होत्या पुण्याच्या नंदिनीताई. त्यांच्याकडं अंतर मोजायची दुर्बीण होती आणि त्या फटका मारण्याआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. शेवटच्या दिवशी दोघी एकत्र निघाल्या.

अकरा होल आण्णानं बिनचूक काढले. मागेल ती काठी दिली, सावली कुणाच्या चेंडूवर पडू दिली नाही. मन लावून केलं म्हणावं तर तसं नव्हे. हात करत होते, तो त्यांच्यामागून चालत होता. डॉक्टरणीची आघाडी तेवढीच होती. गुरुप्रसाद लांबून बघून समाधानानं निघून गेला.

बाराव्यावर आले. उंचवट्यावर कुणी नव्हतं. तिथं स्पर्धेपुरता तरी माणूस ठेवायचा असं ठरलं होतं; कुणाला ठेवायचा यावर कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्या, दोन्हींत भजी उत्तम होती. नंदिनीताईंच्या कॅडीनं आण्णाकडं बघितलं. बाराव्याचं आण्णाला कळतं, अशी सगळ्यांची समजूत.

नंदिनीताईंनी पुटपुटून मारला. डावीकडून, पण आखूड. चेंडू माथ्याच्या अलीकडंच दिसत राहिला. मग डॉक्टरणीनं मारला. फटका खणखणीत बसला, पण चेंडू माथ्यावरून जाता जाता उजवीकडं झुकल्यासारखा वाटला. तिनं मान तिरकी केली.

"आण्णा, ओढ्याकडं गेला का हो? खात्रीला दुसरा मारून ठेवू?"

आण्णा उंचवट्याकडं बघत होता. हाळीसाठी जेवढा वेळ थांबायचा तेवढा वेळ थांबला, मग बॅग खांद्यावर मारली.

"हाय," तो म्हणाला. "मधोमध. चला."

डॉक्टरणीनं दुसरा चेंडू खिशात टाकला आणि चालायला लागली.

पलीकडं उतरणीवर मधोमध काहीच नव्हतं. नियमानं शोधायला तीन मिनिटं मिळतात. चौघांनी घाणेरी पिंजली. नंदिनीताईसुद्धा भल्या मनानं वाकल्या, त्यांच्या टोपीला काटे लागले. एक जुना, पिवळा पडलेला चेंडू निघाला, कुण्या काळच्या साहेबाचा असेल. डॉक्टरणीचा निघाला नाही. वेळ संपली. आता दंड घेऊन परत टीवर जायचं आणि तिथून पुन्हा मारायचं. आधीच दुसरा मारून ठेवला असता तर ही पायपीट तरी वाचली असती. पाठीमागची माणसं टीवर येऊन खोळंबली होती, त्यांच्यासमोर जायचं होतं.

"पण तुम्ही आहे म्हणालात की हो," डॉक्टरीण म्हणाली. आवाज चढला होता. "कुणी सांगितलं तुम्हाला मधोमध?"

आण्णानं उंचवट्याकडं बोट केलं. मग बोटाकडं बघितलं. मग हात खाली घेतला.

डॉक्टरणीनं त्या रिकाम्या माथ्याकडं बघितलं. तिनं टोपी काढून परत घातली. बॅगेतून तिनं स्वतःच ड्रायव्हर, लांब मारायची काठी, उपसला.

"तुम्ही इथंच थांबा. वर, माथ्यावर. आणि ह्या वेळी बघून सांगा."

ती गेली. आण्णा माथ्यावर चढला. एवढ्या वर्षांत तो इथून रोज गेला होता, थांबला कधी नव्हता. गवतात दोन पावलांपुरती जागा गुळगुळीत, उघडी पडलेली होती. शेजारी बसायचा दगड. दगडाच्या कडेला पांढरी बोटं ओढलेली, एकावर एक, जाड थर झालेला. पान खाल्लं की झुंबरबाई चुन्याचं बोट तिथं पुसायची. घरी भिंतीला पुसायची म्हणून आण्णा किती वेळा ओरडला होता.

तो त्या उघड्या जागेवर उभा राहिला. पाय बरोबर बसले नाहीत, तिची पावलं लहान होती. खाली टी दिसत होती आणि टीवर डॉक्टरीण, बोटाएवढी. झुंबरबाईला इथून मेंबर कोण ते कळत नसणार, आण्णाच्या मनात आलं. कॅडी कोण ते कळत असणार. बॅग दिसते.

टक् असा आवाज आला. चेंडू डोक्यावरून गेला, उतरणीवर पडला, दोनदा उडाला, आणि मधोमध थांबला. आण्णानं नीट बघितला. परत बघितला.

खाली सगळे वाट बघत होते. त्यानं खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि दोन्ही हात वर केले. तोंड उघडलं. 

"हाय होऽऽ!"

अर्धी हाळी हाळीसारखी निघाली आणि अर्धी भलतीच. व्हरांड्यातले रिटायर्ड मेंबर म्हणे पेपर टाकून उभे राहिले. आण्णाचे हात वरच राहिले. गालावरून ओघळ गळ्यात उतरला तरी टॉवेल वरच.

डॉक्टरीण धापा टाकत माथ्यावर आली. त्याच्याकडं बघून तिनं ड्रायव्हर स्वतःच बॅगेत घातला.

"दुखतंय?" तिनं विचारलं. रोज पेशंटला विचारते तसंच.

"लागलंय दुखायला."

"हं," ती म्हणाली. "चला, आठ नंबरची काठी द्या."

त्यानं आठच नंबर दिला.

चषक दोन फटक्यांनी पुण्याला गेला. बक्षिसाची भाषणं चालली असताना गुरुप्रसाद आण्णाला शोधत कॅडींच्या शेडमागं आला. काय बोलायचं ते पाठ करून आला असावा, कारण तोंड उघडायच्या आधीच ओशाळला होता. आण्णानं त्याला तसदी दिली नाही.

"बॅग दुसऱ्या कुणाला दे," तो म्हणाला. "मला बाराव्यावर उभा कर."

"आगंवाला म्हणून? कमिटीला विचारायला लागंल, आण्णा."

"विचार की. भजी झाली की सांग. तवर मी उद्यापास्नं उभा ऱ्हातो."

गुरुप्रसादनं मान खाजवली. "पण झुंबरकाकींचा आवाज कुठनं आणणार तुम्ही?"

"न्हाय आणत," आण्णा म्हणाला. "टॉवेल हाय की."